सेंद्रिय मालाचा दाखला कोण देतो?



या व्यासपीठावरून आजवर मोठमोठ्या विद्वानांची भाषणे आपण ऐकली आहेत. आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते बाजार समितीच्या आवारात आणि नगर वाचनालयाच्या बाकावर झाले. आम्ही हमालांविषयी बोलावे, हातगाडीवाल्यांविषयी बोलावे, हे ठीक. परंतु सेंद्रिय शेतीच्या प्रमाणपत्राविषयी आम्ही काय सांगणार, असा प्रश्न चालकांपैकी एकदोघांनी केला होता. प्रश्न रास्त होता. उत्तरादाखल एक घडलेली हकिगत सांगतो आणि मग मुद्द्याकडे वळतो.

सातआठ वर्षे झाली. एका गोदामात आमच्या संघटनेचे चौदा हमाल तुरीची पोती उतरवीत होते. दिवेलागणीला मुकादमाने सांगितले, की अर्ध्या थप्पीची शिवण उसवा, आतली चिठ्ठी काढा, ही नवी हिरवी चिठ्ठी घाला आणि पोती पुन्हा शिवा. पोत्यामागे दोन रुपये जादा मिळतील. हमालाने पोते शिवावे, चिठ्ठी वाचू नये, असा बाजाराचा शिरस्ता आहे. पण त्यांतला एक पोरगा बारावी झालेला होता. त्याने चिठ्ठी वाचली. तीवर 'सेंद्रिय तूर' असे छापलेले होते. एकाच ट्रकमधून आलेला माल. अर्धा साधा राहिला आणि अर्धा सुतळीच्या चार टाक्यांत सेंद्रिय झाला! पोरे आमच्याकडे आली. आम्ही मालकाला गाठले. तो शांतपणे म्हणाला, "तुमची मजुरी चुकती झाली ना? मग चिठ्ठीशी तुमचा काय संबंध?"

त्या दिवशी आम्हांला उत्तर सुचले नाही. घरी आलो तरी ते वाक्य डोक्यातून जाईना. मग मिळेल ते वाचू लागलो, अधिकाऱ्यांना भेटलो, शेतांवर गेलो, शेतकऱ्यांच्या ओसरीवर मुक्काम केले. आजचे भाषण म्हणजे त्या मालकाला उशिरा दिलेले उत्तर आहे, असे समजा.

आरंभी एक गैरसमज दूर केला पाहिजे, कारण तो आमचाही होता. आम्हांला वाटे, की सेंद्रिय म्हणजे कोणीतरी पोत्यातून मूठभर दाणे घेतो, प्रयोगशाळेत तपासतो आणि विष नाही असे आढळले की शिक्का मारतो. तसे नाही. दाण्याची तपासणी होते, नाही असे नाही. पण प्रमाणपत्र दाण्याचे नसते, ते पद्धतीचे असते. दुधात पाणी किती हे लॅक्टोमीटर सांगतो. पण वासराला पोटभर पाजून मग धार काढली की नाही, हे कोणते यंत्र सांगणार? त्यासाठी गोठ्यात जाऊन बघणारा माणूसच लागतो. सेंद्रिय प्रमाणपत्र ही अशा बघणाऱ्या माणसाची साक्ष आहे. आणि साक्ष म्हटली, की साक्षीदार कोण, त्याने काय पाहिले आणि त्याला भत्ता कोण देतो, हे तीन प्रश्न आलेच. कोर्टकचेऱ्यांत आमचे निम्मे आयुष्य गेल्यामुळे हे आम्हांला वकिलाइतकेच ठाऊक आहे.

आता तो काय पाहतो ते सांगतो. आपल्या देशात केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाने २००० साली राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम सुरू केला. त्याचा कारभार 'अपेडा' ही संस्था पाहते. या कार्यक्रमाच्या नियमांप्रमाणे शेतकऱ्याने रासायनिक खत, कीटकनाशक, तणनाशक आणि जनुक बदललेले बियाणे वापरता कामा नये. पण आज सोडले आणि उद्या सेंद्रिय झालो, असे होत नाही. हंगामी पिकासाठी पेरणीपूर्वी निदान दोन वर्षे आणि फळझाडांसारख्या बहुवर्षायू पिकासाठी पहिल्या तोडणीपूर्वी तीन वर्षे जमीन या शिस्तीत असावी लागते. यालाच रूपांतराचा काळ म्हणतात. शेतकऱ्याची खरी कसोटी येथे लागते. खत तोडल्यामुळे उतारा घटतो आणि शिक्का अजून मिळालेला नसल्यामुळे भाव साधाच मिळतो. संपात पगार बंद आणि मागणी मान्य नाही, असा जो मधला काळ असतो, तोच हा. संप बहुधा त्या काळात मोडतात. सेंद्रिय शेतीही पुष्कळांची तेथेच मोडते.

तपासनीस बांधावर उभा राहतो तेव्हा आधी शेजाऱ्याकडे बघतो. शेजाऱ्याने फवारलेले औषध वाऱ्याने इकडे येते, त्याच्या शेतातले पाणी इकडे वाहते. म्हणून मध्ये झाडझुडपांचा संरक्षक पट्टा सोडावा लागतो. दोन एकरवाल्याने त्यांतून पट्टा सोडायचा म्हणजे ताटातली भाकरी तोडून बांधावर ठेवण्यासारखे आहे. मग वही. कोणते बियाणे कोठून आणले, शेणखत किती गाड्या टाकले, दशपर्णी अर्क केव्हा फवारला, माल कितीला विकला, हे सारे लिहून ठेवायचे. आम्ही एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला विचारले, की बाबा, यात सर्वांत अवघड काय? आम्हांला वाटले, तो बोंडअळी म्हणेल. तो म्हणाला, "वही. अळी निदान रात्रीची दिसत नाही. वही दिवसरात्र समोर असते."

बियाण्याची गोष्ट कापसात फारच बिकट आहे. २००२ साली आपल्याकडे बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि आज देशातील कापसाच्या नव्वद टक्क्यांहून अधिक क्षेत्रावर बीटीच आहे. सेंद्रियात तो चालत नाही. तेव्हा विदर्भातल्या शेतकऱ्याने मनावर घेतले, तरी दुकानात बिगर-बीटी सरकी मिळता मिळत नाही. आणि मिळून पेरलीच, तरी शेजारच्या फुलातले पराग मधमाशी घेऊन येते ते निराळेच.

एकेका शेतकऱ्याने तपासणीची फी भरायची तर दोन एकरवाल्याचे दिवाळे निघेल. म्हणून गटाची सोय आहे. पंचवीस ते पाचशे शेतकरी मिळून गट करतात, गटाची अंतर्गत तपासणी सर्व शेतांवर होते आणि बाहेरची प्रमाणन संस्था त्यांतली काही शेते नमुना म्हणून पाहते. २०२५ च्या जानेवारीत या नियमांची आठवी आवृत्ती निघाली. तिने शेतकऱ्यांच्या गटालाच कायदेशीर दर्जा देऊ केला. ही आम्हांला चांगली गोष्ट वाटते. कारण आजवर पुष्कळ ठिकाणी गट कागदावर शेतकऱ्यांचा आणि प्रमाणपत्र मात्र माल घेणाऱ्या कंपनीच्या कपाटात, असे चालले होते. शेतकऱ्याने दुसऱ्या व्यापाऱ्याला माल द्यायचा म्हटले, की त्याच्या हाती शिक्का नाही! हजेरीपट मुकादमाच्या खिशात असला म्हणजे हमालाचे जे होते, तेच त्याचे होत असे.

शेतातून माल निघाला, की प्रकरण संपत नाही. डाळीची गिरणी, तेलाचा घाणा, मसाल्याचा कारखाना, प्रत्येकाला आपले प्रमाणपत्र लागते. त्याच गिरणीत साधी तूरही भरडत असतील, तर आधी यंत्र साफ करायचे, थप्प्या वेगळ्या ठेवायच्या, नोंदी वेगळ्या ठेवायच्या. लोणचे, चिवडा असा अनेक जिनसांचा पदार्थ असेल, तर त्यातले निदान पंचाण्णव टक्के जिन्नस प्रमाणित असल्याखेरीज त्याला सेंद्रिय म्हणता येत नाही. आणि माल एका हातातून दुसऱ्या हातात जाताना त्या त्या मालापुरते एक व्यवहार-प्रमाणपत्र निघते. त्याला बाजारात 'टीसी' म्हणतात. शाळा सोडल्याच्या दाखल्यालाही आपण टीसी म्हणतो. पोर कोठल्या शाळेतून आले ते त्यावर असते, तसाच हा मालाचा शाळा सोडल्याचा दाखला! तो असला म्हणजे अमुक गटाने दहा क्विंटल पिकवले आणि बाजारात पन्नास क्विंटल विकले, ही लबाडी हिशेबात उघडी पडावी, अशी योजना आहे.

योजना चांगली, पण दाखला खोटा निघाला तर? ते घडले आहे. सेंद्रिय कापसाच्या उत्पादनात आपला देश जगात अग्रभागी आहे. २०२० साली सेंद्रिय कापडाचे जागतिक मानक सांभाळणाऱ्या 'गॉट्स' या संस्थेनेच जाहीर केले, की भारतातून सुमारे वीस हजार टन कच्चा कापूस बनावट व्यवहार-प्रमाणपत्रांवर सेंद्रिय म्हणून चालवला गेला. त्या कागदांवर चौकोनी सांकेतिक चिन्ह होते, ते मोबाईलने तपासले की सरकारी संकेतस्थळासारखे हुबेहूब दिसणारे एक खोटे संकेतस्थळ उघडत असे. आमच्या गोदामातल्या हिरव्या चिठ्ठीची ही थोरली बहीण म्हणायची. तिकडे सुतळीचे चार टाके, इकडे संगणकाचे. त्याच साली भारतातून युरोपात गेलेल्या तिळात इथिलीन ऑक्साइड नावाचे घातक रसायन सापडले. २०२१ मध्ये अमेरिकेने आपल्या प्रमाणनाला असलेली मान्यता काढून घेण्याचे ठरवले, आणि युरोपीय संघानेही येथील काही प्रमाणन संस्थांना दार बंद केले. यात भरडला गेला कोण? ज्याने दहा वर्षे इमानाने वही लिहिली तो शेतकरी. लबाडी केली कोणी आणि दाखला रद्द झाला कोणाचा!

आम्हांला कोणी म्हणेल, की तपासनीस वाढवा, कायदे कडक करा. करावेत. पण मूळ दुखणे भत्त्याचे आहे. प्रमाणन संस्थेची फी तोच भरतो ज्याची तपासणी व्हायची आहे. ती संस्था फार कडक झाली, तर गिऱ्हाईक शेजारच्या संस्थेकडे जाते. कारखान्यांचा सरकारी तपासनीस सुद्धा मालकाच्या गाडीतून यायला लागला, की त्याला जिन्यावरचे तुटके कठडे दिसेनासे होतात, हे आम्ही तीस वर्षे पाहत आलो; मग ज्याचे पोटच त्या फीवर आहे त्याला दोष किती द्यायचा? सगळ्या संस्था लबाड आहेत असे आमचे म्हणणे नाही. चोख काम करणारे तपासनीस आम्ही पाहिले आहेत. भर उन्हात शेताचा कोपरा न् कोपरा हिंडणारे, खत-औषधांच्या रिकाम्या पिशव्या शोधायला उकिरडा उकरणारे. पण माणूस चोख आहे म्हणून व्यवस्था चोख ठरत नाही.

यावर दुसरी एक वाट आहे आणि ती आम्हांला जवळची वाटते. ब्राझीलच्या दक्षिण भागात लहान शेतकऱ्यांनी असे ठरवले, की आमची साक्ष आम्हीच एकमेकांची देऊ आणि ग्राहकालाही तपासणीला बोलावू. २००३ साली त्यांच्या देशाने सेंद्रिय शेतीचा कायदा केला, त्याखाली या पद्धतीलाही मान्यता मिळाली. आपल्याकडे कृषी मंत्रालयाने २०११ च्या सुमारास हीच वाट 'पीजीएस-इंडिया' या नावाने उघडली. सहभागातून हमी, असा तिचा अर्थ. निदान पाच शेतकऱ्यांचा गट, सर्वांनी मिळून घेतलेली शपथ, आणि गटातल्याच दोघातिघांनी दुसऱ्याच्या शेताची तपासणी करून नोंदवलेला अभिप्राय. रूपांतराच्या काळात 'पीजीएस-ग्रीन' आणि पूर्ण झाल्यावर 'पीजीएस-ऑरगॅनिक' असे दोन शिक्के. परदेशी पाठवायचे तर हा शिक्का चालत नाही; देशातल्या बाजारात चालतो.

शेजाऱ्याइतका जागता तपासनीस दुसरा नाही. रात्री कोणाच्या शेतात पंपाचा आवाज आला, हे दिल्लीच्या माणसाला कळणार नाही, बांधाला बांध असणाऱ्याला कळते. पण आम्ही खेड्यातलेच असल्यामुळे दुसरी बाजूही जाणतो. भाऊबंद असला तर डोळेझाक होते आणि भाऊबंदकी असली तर नसलेली फवारणी दिसते. एका गटात तर पाटलाच्या शेतात तपासणीला जायला कोणी धजेना, सगळे म्हणत, "त्यांचं काय बघायचं, त्यांचं चांगलंच असणार." शेवटी एका विधवा बाईने, जिची स्वतःची दीड एकर होती, हात वर केला आणि गेली. तिने अभिप्रायात लिहिले, की दक्षिणेकडचा पट्टा सोडलेला नाही. पाटील चार दिवस बोलले नाहीत; पाचव्या दिवशी त्यांनी पट्ट्यावर गिरिपुष्प लावले. आमच्या संघटनेचा हिशेब दर वर्षी आम-सभेत फळ्यावर लिहिला जातो आणि कोणत्याही हमालाला उठून विचारता येते. तेथेही पहिला प्रश्न विचारायला अशीच एक छाती लागली होती.

आता त्या मालकाच्या प्रश्नाकडे येतो: चिठ्ठीशी मजुराचा काय संबंध?

२०१७ चा पावसाळा आठवा. यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर मेले, शेकडो दवाखान्यात पडले. पाठीवर पंप, डोक्याच्याही वर गेलेली कपाशी, अंगावर साधा सदरा. आपण शहरातले लोक ताटातल्या दाण्यात विष किती याची चिंता करतो. ते विष पहिल्याने ज्याच्या अंगावर पडते तो रोजंदारीचा माणूस असतो. म्हणून सेंद्रिय शेती हा मजुराच्या जिवाचा प्रश्न आहे, आणि चिठ्ठी खोटी निघाली तर सर्वांत आधी त्याची फसवणूक होते. मालकाला हे उत्तर त्या दिवशी द्यायला हवे होते.

पण उत्तराचा दुसरा भाग आपल्यालाही टोचणारा आहे. तणनाशक बंद केले, की तण कोणीतरी हाताने काढावे लागते. कॅलिफोर्नियात शेतमजुरांनी मोठा लढा देऊन १९७५ साली आखूड दांड्याचे खुरपे बंद करवले. त्याने माणसांच्या पाठी कायमच्या वाकत होत्या. पुढे २००४ साली तेथे हाताने, वाकून तण काढण्यावरही निर्बंध आला. त्यातून सूट कोणाला मिळाली? सेंद्रिय शेतांना! अमेरिकेच्या सेंद्रिय कायद्यात मातीविषयी, जनावराच्या चाऱ्याविषयी तपशील आहेत. मजुरीविषयी अट नाही. आमच्या चळवळीलाही या बाबतीत ताठ मानेने बोलता येत नाही. मालावर चिठ्ठी लावून 'हा अमक्या रीतीने झालेला आहे' असे ग्राहकाला सांगण्याच्या कल्पनेच्या आद्य प्रवर्तकांत कामगारच होते. १८७० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोच्या सिगार कामगारांनी आपल्या पेट्यांवर पांढरी चिठ्ठी लावली. पण ती गोऱ्या कामगारांचा माल ओळखता यावा आणि चिनी कामगारांचा माल कोणी घेऊ नये म्हणून लावलेली होती. शिक्का कोणाला आत घेतो हे जसे बघायचे, तसे कोणाला बाहेर ठेवतो हेही बघायला हवे.

आम्ही ज्या गटांत जातो तेथे निंदणीच्या बायकांशी मुद्दाम बोलतो. एका मावशींना विचारले, की या शेतात काम केल्याने काही फरक पडला का? त्या म्हणाल्या, "पडला की. डोळे चुरचुरत नाहीत, घरी गेल्यावर लेकराला लगेच घेता येतं. पण गुडघे जास्त दुखतात. अन् मालाला भाव चढला म्हणतात, तो आमच्यापर्यंत काही आला नाही दादा." गटाच्या बैठकीत आम्ही हे सांगितले. पुष्कळ वाद झाला. शेतकऱ्यांचेही खोटे नव्हते. रूपांतराच्या दोन वर्षांचे कर्ज त्यांच्या डोक्यावर होते. अखेर तपासणीच्या त्यांच्या नमुन्यात त्यांनी स्वतःहून एक रकाना वाढवला: निंदणीची मजुरी किती दिली आणि बसायला सावली होती की नाही. सरकारी नमुन्यात तो रकाना नाही. त्यांच्या वहीत आहे.

आता आपण काय करावे, हे थोडक्यात सांगतो. 'अन्न सुरक्षा व मानके (सेंद्रिय अन्न) विनियम, २०१७' हे १ जुलै २०१८ पासून अमलात आले. त्यामुळे दुकानातल्या पुड्यावर सेंद्रिय म्हणून लिहिले असेल, तर वाणिज्य मंत्रालयाच्या किंवा पीजीएसच्या प्रमाणनाचा आधार हवा. सेंद्रिय मालाचे अधिकृत चिन्ह त्यावर पाहावे. 'नैसर्गिक', 'गावरान', 'आजीच्या हातचे' असल्या शब्दांना या नियमांचा आधार नाही. लहान शेतकरी आपला माल थेट आपल्या दारात आणून विकत असेल, तर त्याला प्रमाणपत्राची सक्ती नाही. मात्र त्याने ते चिन्ह लावता कामा नये. त्याच्याकडे शिक्का नाही म्हणून त्याला परत पाठवू नका. त्याला शेत कोठे ते विचारा आणि बघायला जा.

हे 'बघायला जा' आम्ही बोलण्यापुरते म्हणत नाही. पीजीएसच्या गटांना ग्राहक तपासणीला आलेला हवाच असतो आणि बहुधा कोणी येत नाही. आम्ही मघाशी सांगितलेल्या गटाची पुढची तपासणी खरीप पेरणीनंतर, पहिल्या निंदणीच्या वेळी आहे. बाजार समितीच्या फाटकापासून सकाळी सहाला आमची जीप निघेल. दोन हमाल, तो बारावी झालेला पोरगा आणि आम्ही, असे चौघे ठरलो आहोत. चार जागा रिकाम्या आहेत. ज्यांना यायचे असेल त्यांनी खाली चालकांकडे नाव द्यावे. डबा आपापला आणावा, आणि चपलेऐवजी बूट घालावेत, कारण बांधावर चिखल असेल.